गलबतावरचा उखाणा

स्कारबरो, १२ सप्टेंबर २०१७

ती. सुमेधाताईस,

शुभदाचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींची साखर आटोक्यात आहे ना? मी ठणठणीत आहे, डोकं तेवढं आठवडाभर तापलेलं आहे. तू आधी आईकडे जा आणि तिला पेढे वाटण्यापासून थांबव. माझं लग्न ठरलेलं नाही! जे झालं ते नाटकात झालं, तेही १८१४ साली, भर समुद्रात.

आमच्या मंडळाचे अध्यक्ष विश्वनाथराव यांनी गणपतीसाठी नाटक लिहिलं. इंग्रज ॲडमिरलची मुलगी, तिला पकडून नेणारा फ्रेंच कॅप्टन फिलिप, दोघांचं हाडवैर आणि शेवटी प्रेम. (गलबत फ्रिजच्या खोक्यांचं, लाटा मंडळातल्या छायाच्या निळ्या साडीच्या.) मुलगी मी. आणि कॅप्टन कोण, तर नंदकुमार! अगं तोच, ज्यानं संक्रांतीच्या कार्यक्रमात माइकवरून माझ्या गाडीचा नंबर पुन्हापुन्हा वाचला आणि वर, ज्यांना पार्किंग जमत नाही त्यांनी बसनं यावं, असं सुनावलं. मी विश्वनाथरावांना साफ सांगितलं, याच्याशी मी लढेन, प्रेम करणार नाही. ते म्हणाले, "पहिले दोन अंक लढायचंच आहे. एनर्जी काय मस्त येईल!"

उन्हाळाभर त्यांच्या बेसमेंटमध्ये तालमी. हा नंदकुमार विंटर कोटाला जरीची किनार चिकटवून येणार, माझ्याच गाऊनवर पाय देणार आणि वर मलाच म्हणणार, "मॅडम, प्लीज जरा साइडला." घरी जाताना मी त्याच्या नावानं इतकी बोटं मोडली, की ते नाव जिभेवरच बसलं. दोष कुणाचा? त्याचाच.

शेवटच्या प्रवेशात गलबतावर लग्न, आणि लग्न म्हटलं की आपल्या लोकांना उखाणा हवा, मग वधू लंडनची का असेना. मी म्हणायचं होतं, "खवळलेल्या दर्यात शिडात भरलं वारं, फिलिपरावांचं नाव घेते, विसरून वैर सारं." भरल्या हॉलसमोर, खणखणीत आवाजात, मी नंदकुमाररावांचं नाव घेतलं. शिट्ट्या काय, टाळ्या काय! आणि तो नतद्रष्ट म्हणतो कसा, "परत घ्या, मागच्यांना ऐकू आलं नाही." कुणीतरी व्हिडिओ काढला, तो आईपर्यंत पोचला, आणि तिला वाटलं जुळलंच. मला राग आलाय ताई, खरा राग. इतकी वर्षं इथे एकटी नीट राहते आहे. लोकांच्या शिट्ट्यांवर माझं लग्न ठरणार नाही.

तुझी,
शुभदा

ता. क. तो रविवारी माफी मागायला आला होता. पार्किंग शिकवू का, असंही विचारत होता. मी हाकलून दिलं. जेवण झाल्यावर.

आणखी एक. तो घटस्फोटित आहे आणि त्याला दहा वर्षांची मुलगी आहे, हे आईला ठाऊक नाही. ती पोर, ईशानी, परवा मला विचारत होती, "आर यू स्टिल मॅड ॲट बाबा?" मी हो म्हटलं. तर म्हणते, "गुड. ही लाइक्स इट." ताई, हे सगळं आईला तूच सांग. ती रडेल, दोन दिवस जेवणार नाही. ती हो म्हणेपर्यंत तिथून हलू नकोस.