रुमाल टाकून जागा धरता येत नाही

सर,

काल तुमच्या घरी गेले होते. काकूंचा फोन आला होता, "पोरीनं बूट माळ्यावर फेकलेत. खेळायचंच न्हाई म्हणती. तू केलंस, आता तूच निस्तर." काकू माझ्यावर अजून हक्कानं ओरडतात, त्याचं मला बरंच वाटतं. पण काल तुमचा जिना चढताना मी मध्येच दोनदा थांबले. तुमची नात मला आत्या म्हणते आणि त्या आत्यानंच फायनलला शेवटच्या मिनिटात तिची बास्केट रद्द केली. सामना तेवढ्यावरच गेला. तुम्ही गेलात तेव्हा ती जन्मलीही नव्हती, पण नाक तुमचं आहे, आणि रागसुद्धा तुमचाच.

काय झालं ते तुम्हालाच सांगता येईल. ती चेंडू घेऊन सुसाट येतेय. समोरची पोर बुटकीशी, पण वेळेत वाटेवर आलेली, दोन्ही पाय जमिनीवर, तोंड हिच्याकडे. मग ती पोर तोंड न फिरवता मागं सरकत राहिली. हिनं उडी घेतली ती थेट तिच्या छातीवर. दोघी मातीत पडल्या आणि चेंडू जाळीतून अलगद खाली आला. मी शिट्टी मारली. बास्केट नाही, धडकेचा फाऊल आपल्या पोरीवर. कठड्यावरून आरडाओरडा सुरू झाला, "ओ मॅडम, ती पोरगी हलत हुती की! दिसत न्हाई व्हय?" हलत होतीच. पण एकदा जागा रीतसर घेतली की मागं किंवा बाजूला सरकायची मुभा असते, हे तुम्ही सांगून सांगून थकलात आणि आता मी थकत चाललेय. बचाव करणाऱ्यानं पुतळ्यासारखं उभं राहावं असंच श्रीरामपुरात अजून सगळ्यांना वाटतं.

मला ते कळलं एसटीत. आपण नगरला सामन्यांना निघालो होतो. गाडी लागल्याबरोबर मी धावत जाऊन खिडकीतून सीटवर रुमाल टाकला. आत गेले तर तिथं एक बाई बसलेल्या, आणि माझा रुमाल त्यांच्या मांडीखाली. मी भांडायला उभी राहिले, तर तुम्ही मला गप्प केलंत आणि नगरपर्यंत उभं ठेवलंत. वर दांडीला लोंबकळत शिकवणी सुरू. "रुमाल टाकून जागा एसटीतबी मिळंना, पोरी. मैदानावर तर न्हाईच. तिथं आख्खं मानूस लागतं. हात लांब केला, गुडघा पुढं घातला, कंबर आडवी टाकली, त्यो सगळा रुमाल. छाती आधी पोचली तर जागा तुझी. मग डोक्यावरचं आभाळबी तुझं, सरळ वर उडी मार, कोन काय म्हनत न्हाई. आन् शिट्टी हातात आली की चेंडूकडं बघू नको. चेंडूकडं सगळं गाव बघतंय. तू आडवी आलेली पोर बघ." कंडक्टर म्हणाला, "मास्तर, आडवं तुमीच आलाय, मला म्होरं जाऊ द्या." सगळी गाडी हसली. तुम्हीही हसलात.

आणि पुढच्याच महिन्यात जिल्ह्याच्या निवडीचा सामना, पंच तुम्हीच. मी आत घुसले, आडव्या आलेल्या पोरीशी धडक झाली आणि तुम्ही शिट्टी माझ्यावर मारलीत. तो माझा पाचवा फाऊल. मी बाहेर बसले, आणि निवडीतूनही बाहेरच राहिले. मग मी मैदानावर जाणंच सोडलं. तुम्ही घरी आलात तेव्हा आईला सांगून ठेवलं होतं की मी घरात नाही. तुम्ही ओट्यावर बसून पोहे खाल्लेत, परत मागून खाल्लेत, वडिलांशी कांद्याच्या रोपांबद्दल बोललात. त्या शिट्टीबद्दल चकार शब्द नाही. निघताना बंद दाराकडे बघून मोठ्यानं म्हणालात, "उद्या सकाळी फक्की मारायला ये. मैदानाच्या रेघा पार पुसल्यात." दाराआड मी रडत होते. दुसऱ्या दिवशी तोंड फुगवून आले आणि पांढऱ्या पुडीचं घमेलं उचललं.

काल तुमची नात भिंतीकडे तोंड करून मोबाईल बघत होती. न वळता म्हणाली, "आत्या, ती हलत होती."

"होती."

"मग?"

मी टीपॉय बाजूला सारला. काकूंना समोर उभं केलं. काकू हातातल्या उलथन्यासकट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत मागं मागं सरकत गेल्या, मी त्यांच्यावर चालून गेले. पोरीला हसू आलं, ते तिनं दाबलं. सगळं नीट बघितलं आणि म्हणाली, "तरी मला नाही पटत."

माझ्याकडे सांगायला पुष्कळ होतं. पण मी म्हटलं, "नको पटू दे. उद्या सकाळी फक्की मारायला ये."

रात्रभर धाकधूक होती, सर. एक चांगली खेळणारी पोर माझ्या शिट्टीनं घरी बसली असती. आज सकाळी ती आली. पायात बूट होते. माझ्या हातातलं घमेलं ओढून घेतलं आणि रेघ मारायला लागली. रेघ वाकडी गेली. मी ती तशीच राहू दिली.

हे पत्र टाकणार कुठं? काकूंना दाखवलं तर रडतील. नातीला तर दाखवताच येणार नाही, कारण एक गोष्ट लिहायची राहिलीय. निवडीच्या सामन्यातली तुमची ती शिट्टी मला अजून पटलेली नाही. ती पोर उशिरा आली होती, सर. तिनं रुमालच टाकला होता.