दिवसाची वीज

मंगळवार, ११ मार्च १९८६. विलेपार्ले
आमदार निवासातली माझी खोली मतदारसंघातल्या लोकांनी भरली. मी अधिवेशनापुरता बहिणीकडे, आक्का-दाजींच्या घरी. थोरला दादाही इथेच, हॉलमधल्या दिवाणावर, पाय प्लास्टरमध्ये. उशिरा पेरलेल्या गव्हाला पाणी द्यायचं म्हणून अंधारात मोटर चालू करायला गेला, विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरला. आमच्याकडे शेतीला वीज रात्रीच. दिवसाची कारखान्यांना आणि या शहराला. आमची काळी जमीन धरणात गेली, उरलेल्या शिवारावरून विजेच्या तारा गेल्या, आणि खाली आम्ही चाचपडतोय. लिहितानाही डोकं तापतं.
माझा अशासकीय ठराव पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी लागला. शेतीपंपांना दिवसा वीज द्यावी, एवढाच. दादा म्हणाला, "मग निकाल ऐकूनच गावाकडं जातो. तवर हितनं हलत न्हाई."

शुक्रवार, १४ मार्च
लॉबीत पक्षाच्या प्रतोदांनी गाठलं. "आप्पा, सरकार आपलंच आहे. मंत्री आश्वासन देतील. आभार मान, ठराव मागे घे. रीतच आहे ती."
रीत मला शिकवतात! इतकी वर्षं दुसरं काय केलं? रस्ता, पाझर तलाव, कांद्याचा भाव. मंत्री उठतात, सहानुभूतीने विचार करू म्हणतात. आपण उठायचं, 'आभार मानतो आणि ठराव मागे घेतो' म्हणायचं, बसायचं. एका दमात, एकच वाक्य. पाझर तलाव अजून कागदावर झिरपतोय.
या वेळी मतदान मागणार. हरेन. पण कोणाचा हात वर जात नाही, ते गावोगाव सांगता येईल.
"पुढचं तिकीट हवंय ना?" प्रतोद. मी पान खायला बाहेर.

रविवार, १६ मार्च
बिल्डिंगची वीज गेली. लिफ्ट बंद, पाण्याचा पंप बंद. जिन्यात अशी आरडाओरड, जणू आभाळ कोसळलं. सोसायटीचे सेक्रेटरी धावत वर. "साहेब, तुम्ही इथे असताना अशी वाट लागते म्हणजे काय? एक फोन मारा ना!"
मारला. चहा संपायच्या आत वीजवाल्यांची गाडी हजर.
संध्याकाळी गच्चीवर सत्कार. शाल, श्रीफळ. तिसऱ्या मजल्यावरचे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ म्हणाले, "शेतकऱ्यांचं बरं आहे हो. वीज जवळजवळ फुकटच." म्हटलं, "या एकदा घ्यायला. येताना बूट घालून या, बांधावर साप असतात." हसले सगळे. विनोद वाटला त्यांना.
खाली आलो तर दादा शालीकडे बघत. "तुजा फोन चालतो म्हनायचा. आपल्याकडंच लागत न्हाई व्हय?"
संताप त्याचा आला नाही. स्वतःचा आला.

बुधवार, १९ मार्च
सकाळपासून बिस्किटांच्या कारखान्याचा वास. पार्लेकरांना तो येतच नाही म्हणे, सवयीने. आम्ही गव्हाला भाव मागितला की पेपरात महागाईवर अग्रलेख. बिस्किटाचा पुडा महागला की कोणी चकार शब्द काढत नाही. दादा मात्र चहात बुडवून आवडीने खातो.
त्याला भाषण वाचून दाखवलं. "लई ग्वाड हाय रं. जरा खरं बोल की." पहिलं पान फाडलं.

शुक्रवार, २१ मार्च
बरा बोललो. बरा कसला, चांगला बोललो. दादाच्या पायाचंही सांगितलं. विरोधी बाकंसुद्धा गप्प ऐकत होती.
मग वीजमंत्री. विचार करू, समिती नेमू वगैरे, ठरलेलं. शेवटी म्हणाले, "सन्माननीय सदस्यांच्या वडील बंधूंना झालेल्या अपघाताबद्दल मला मनापासून खेद आहे." सगळ्या सभागृहाने बाकं वाजवली. दादाचं नाव तिथे निघेल असं कधी वाटलं नव्हतं. त्याबद्दल आभार मानावेत म्हणून उठलो. एवढंच.
"आभार मानतो आणि..."
पुढचं तोंडातून आपोआप आलं. जीभच तशी वळलेली. अध्यक्षांनी लगेच विचारलं, मागे घ्यायला सभागृहाची अनुमती आहे? होय, होय. झालं. उभाच होतो. प्रतोदांनी लांबून मान डोलावली. त्यांना वाटलं, ऐकलं मी त्यांचं.
पार्ल्याला उतरून बाजारातून उगाच दोन फेऱ्या मारल्या. दादा जागाच. सांगितलं. चुकून गेलं, हेही सांगितलं. विश्वास बसला की नाही कळलं नाही. मग आतल्या खोलीकडे बघून दाजींना म्हणाला, "पाव्हनं, हितं ब्याटरी चांगली कुठं मिळती?"

रविवार, २३ मार्च
दाजी बॅटरी घेऊन आले, लांब स्टीलची. दादाने आक्काला पडदे ओढायला लावले आणि भिंतीवर उजेड पाडून बघितला. "पायऱ्या दिसतील."
प्लास्टर काढायला अवकाश आहे, तरी उद्या निघतोच म्हणाला. गहू थांबणार नाही.
जेवताना त्याने विचारलं, "तू येतूस का संगं? मोटर चालू करायला मानूस पायजे. पाय ह्यो असा."
उद्या अर्थसंकल्पावर चर्चा. प्रतोदांचा सर्वांनी हजर राहण्याचा निरोप.
"विचार करतो," म्हणालो.
दादा हसला. घास हातात धरून बराच वेळ हसत राहिला. आक्का घाबरली.
बॅग काढून पलंगावर ठेवली आहे. अजून रिकामी.