पूर्वज बुखाऱ्याचे

झरी, ४ जानेवारी २०२६

चि. तहसीन हिस यासीनमामूचे अनेक आशीर्वाद आणि दुआ.

फोनवर तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस, म्हणून पत्र. जन्मभर पोरांना मराठी शिकवलं, कागदावर मला अडवणारं कोणी नाही. दूधवाल्या भुजंगच्या हाती पाठवतोय.

देवगाव फाट्याचे हाजी लतीफसाहेब शुक्रवारी नमाजनंतर परभणीला तुमच्याकडे येतायत. त्यांच्या नातवाचं, मुदस्सिरचं स्थळ हातचं जाऊ द्यायचं नाही. पण कुणीतरी त्यांच्या कानावर घातलंय की पोरगी कॉलेजात माणूस माकडापासून झाला असं शिकवते. ती आदमला मानते की वानराला, असं त्यांनी मलाच विचारलं. मी घाम पुसला आणि सांगितलं की ती फक्त झाडंझुडपं शिकवते. तेवढा एक दिवस झाडाझुडपांवरच राहा.

मग ते खानदानावर आले. आपले पूर्वज बुखाऱ्याहून घोड्यावर बसून आले, असं मी सांगून टाकलं. घोडा तोंडून आपोआप निघाला. तुझे अब्बा गेल्यापासून वडीलकी माझ्याकडे आहे, तर एवढं ऐक. अम्मीला दुआ सांग आणि म्हाताऱ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
यासीनमामू

परभणी, ६ जानेवारी

ती. यासीनमामू यांना सा. सलाम, वि. वि.

पत्र वाचून अम्मी इतकी हसली की दूध उतू गेलं. नाना डोक्यावर टोपली घेऊन झरीच्या बाजारात बांगड्या भरायचे. ते बुखाऱ्याला गेले कधी आणि आले कधी?

मामू, स्पष्टच लिहिते. मुदस्सिर आमच्याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो आणि तो मला आवडतो. हे स्थळ मोडलं तर मला फार दुःख होईल. पण खोटं बोलून त्या घरात जायची माझी तयारी नाही.

माकड आपला आजोबा, असं पुस्तक म्हणत नाही. दोघांचे पूर्वज फार मागे एकच होते, एवढंच म्हणतं. आणि तुम्ही घाम कसला पुसता? हजार वर्षांपूर्वीच्या मुसलमान विद्वानांनी सृष्टीच्या पायऱ्या लावल्या, तेव्हा खजुराला जनावराच्या उंबरठ्यावर बसवलं आणि माकडाला माणसाच्या. ती आजची उत्क्रांती नव्हे, हे मी मुलांना सांगते. हजरत आदम यात कुठे बसतात यावर आजचे धर्माचे आलिमही वाद घालतात आणि मला माहीत नाही, हेही सांगते. एक मात्र पक्कं आहे. माणसाच्या आत वाईटाकडे ओढणारा नफ्स, म्हणजे मन, असतो, तसा चुकल्यावर टोचणारा नफ्सही असतो. घोडा निघाला तेव्हा तुमचा हा दुसरा कुठे झोपला होता?

रागावलात तरी प्रेम कमी करू नये.

आपली भाची,
तहसीन

परभणी, १० जानेवारी

ती. मामूंना सा. सलाम, वि. वि.

नेमका काल तुम्हाला ताप आला. आता उतरला असेल.

हाजीसाहेबांनी चहाआधीच विचारलं की माणूस कुणापासून झाला. मी वर्गात सांगते तेच सांगितलं. मग मी विचारलं की आपण सारी आदमची औलाद, हे तर तुम्ही मानता ना? ते म्हणाले, बेशक. तेव्हा मी सांगितलं की मग माझे नाना बुखाऱ्याचे नव्हेत, झरीचे बांगड्या भरणारे मण्यार होते, याची अडचण नसावी.

माकड त्यांनी कसंबसं पचवलं होतं, मण्यार घशात अडकला. आमचं खानदान अरबस्तानातलं, असं काहीसं ते पुटपुटले. सोबत आलेल्या मुदस्सिरच्या दादीनं पानदान बंद केलं आणि विचारलं की अजी, तुमारे अब्बा अरबस्तानसे सेलूकू रुई पिंजनेकू आये थे क्या? अम्मी तोंडाला ओढणी लावून आत पळाली.

हाजीसाहेबांनी दादीपुढे हात जोडले. मग म्हणाले, निकाह ईदनंतर करू. पत्रिकेत नानांचं काय छापायचं, असंही विचारलं. मी म्हणाले, मण्यार छापा, त्याच्या मागचं छापायला गेलो तर माकडापर्यंत जावं लागेल. हसता हसता त्यांना ठसका लागला.

लवकर या. तुमच्यावाचून आनंद अर्धाच वाटतोय.

तहसीन

झरी, २५ जानेवारी

चि. तहसीन हिस अनेक दुआ.

तू मला चारचौघांत उघडं पाडलंस. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

आज प्रेसमधून पत्रिकेचा नमुना आणला. मरहूम शेख बुऱ्हान मण्यार यांची नात, असं छापलंय. मास्तरकीच्या सवयीनं चुका काढायला बसलो आणि त्या ओळीवरच थांबलो. अब्बांच्या दुकानाला कधी पाटी नव्हती, कारण दुकानच नव्हतं. त्यांचं नाव छापलेलं मी आज पहिल्यांदा पाहिलं, बेटा, आणि रडलो.

शुक्रवारी येतो. आहे तसा गोड मानून घे.

तुझा मामू,
यासीन शेख बुऱ्हान मण्यार