अठरा नारिंगी स्टिकर

३ ऑगस्ट, सकाळी ६.४०
आजपासून रोजनिशी. याआधी दोनदा सुरू केली होती, पण तेव्हा लिहिण्यासारखं काही घडतच नव्हतं. आता घडतंय. कुठल्यातरी बंदरात जहाजं अडकून पडली आहेत, कंटेनर मिळत नाहीत, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात काल टूथपेस्टचा अख्खा कप्पा रिकामा. दुकानदार म्हणाला, वरूनच माल येत नाही. लोक गोंधळले. मी नाही. सव्वीस वर्षं कंपनीचं स्टोअर सांभाळतोय. स्क्रू, बेअरिंग, हातमोजे, पॅकिंगची टेप. माझ्या सहीशिवाय तिथून वॉशरसुद्धा हलत नाही. नऊ हजार आयटम ज्याच्या मुठीत, त्याला घरातली चार माणसं काय जड?
संकल्प: या घरात टंचाईला पाय ठेवू द्यायचा नाही.

४ ऑगस्ट, सुट्टी
घराचं संपूर्ण स्टॉक-टेकिंग. पाच तास. बायकोने तीनदा विचारलं की हे सगळं परत जागेवर कोण ठेवणार. सध्या काही वस्तू जमिनीवर आहेत.
हॉलमधलं लोखंडी कपाट आता स्टोअर. मोठं कुलूप, किल्ली माझ्याकडे. नियम लिहून दारावर चिकटवले. वेळ सकाळी सात ते साडेसात. स्लिप भरावी, त्यात वस्तू, नग, कारण, सही. तोंडी मागणी चालणार नाही. प्रत्येक वस्तूची मिनिमम लेव्हल ठरलेली असून त्याखाली माल दिला जाणार नाही.
मुलीने नियम वाचून विचारलं, बाबा, तुम्हाला बरं वाटतंय ना? पंधरा वर्षांची आहे, पण काळजी करते पोर.

७ ऑगस्ट
टूथपेस्ट मिळवल्या. बावीस! हिचं म्हणणं, चार माणसांना बावीस कशाला. हिला लीड टाइम, म्हणजे ऑर्डरपासून माल हातात येईपर्यंतचा वेळ, कळत नाही. समजावून सांगितलं. पाऊण तास लागला. शेवटी शेवटी ही स्वयंपाकघरात गेली होती, पण आवाज तिथपर्यंत जातो.
सासऱ्यांनीही ऐकलं. हिचे वडील चार वर्षांपासून आमच्याकडेच असतात. ऐकू कमी येतं, एका कानात मशीन. पण काय एकाग्रता! मी बोलायला बसलो की आधी कानाशी हात नेऊन मशीन ठीकठाक करणार, मग हात खिशात घालून शांत बसणार आणि शेवटपर्यंत मान डोलावणार. या घरात माझं ऐकून घेणारा हा एकच माणूस.

९ ऑगस्ट, सकाळी ७.१०
बाथरूमचा बल्ब गेला. हिने बल्बची स्लिप भरली. स्टॉकमध्ये बल्ब सहा. मिनिमम लेव्हल सहा. नामंजूर करावी लागली. नियम म्हणजे नियम, बायको असली तरी.

१० ऑगस्ट
आंघोळ करताना डोळ्यात शाम्पू समजून काहीतरी दुसरंच गेलं. अंधारात सगळ्या बाटल्या सारख्याच लागतात. डोळा सुजलाय. तरी स्टोअर वेळेवर उघडलं.

११ ऑगस्ट, सुट्टी
महत्त्वाची नोंद.
८ सप्टेंबरला मुलीच्या संगीत शाळेचा कार्यक्रम. तिचं पहिलं सोलो व्हायोलिन, अकरा मिनिटं. सहाव्या वर्षी तिच्या हातात व्हायोलिन दिलं ते सासऱ्यांनी. आयुष्यभर तेच शिकवलं त्यांनी. तिची रोजची चूक रोज तेच काढतात. ती म्हणते, हॉलमध्ये बाकी कुणी आलं नाही तरी चालेल, आजोबांनी ऐकलं पाहिजे.
आणि आज सासऱ्यांच्या मशीनचा सेल बदलताना कळलं की ड्रॉवरमध्ये आता एकच उरला. चण्याएवढा असतो, आठवडाभर चालतो. मशीनवाल्याला फोन केला, तो म्हणाला, सप्टेंबरअखेरपर्यंत विसरा, कुठेच स्टॉक नाही. मशीन नसलं की सासऱ्यांना दाराची बेलही ऐकू येत नाही, व्हायोलिन कुठलं?
मुलगी रडकुंडीला आली. ही माझ्याकडे बघत होती. मी उभा राहिलो आणि सांगितलं, हे काम माझं. सेल मी आणणार. कुणी लक्ष घालायचं नाही.
ही म्हणाली, तीच तर भीती आहे.

१४ ऑगस्ट
सेल मिळाले!! तीस. फक्त चौकशी करायची होती तर लोक केवढा बाऊ करतात.

१४ ऑगस्ट, संध्याकाळी
घड्याळाचे निघाले. मशीनमध्ये बसत नाहीत. वाईट काय, आपल्याकडे घड्याळं पाच आहेत. पुढली बारा वर्षं वेळेची टंचाई नाही.

१६ ऑगस्ट
कंपनीत पॅकिंगची टेप संपली. सेलच्या फोनाफोनीत ऑर्डर टाकायची राहिली होती. लाइन दोन तास बंद. साहेब बरंच काही बोलले. मी त्यांना जागतिक परिस्थिती समजावली. ते म्हणाले, टेप आपल्या मागच्या गल्लीत बनते.

१८ ऑगस्ट, सुट्टी
विजय! शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एक चष्मेवाला सापडला, त्याच्याकडे मशीनचे सेल. सहा-सहाची चार कार्डं, म्हणजे चोवीस. द्यायला तयार नव्हता, ओळखीच्या गिऱ्हाइकांसाठी ठेवलेत म्हणाला. बोलता बोलता कळलं, त्याच्या घरी आठ दिवस टूथपेस्ट नाही. मग काय! परत घरी, परत तिकडे. बावीस टूथपेस्ट दिल्या, चोवीस सेल घेतले. याला म्हणतात व्यवहार.
मुलीने गळ्यात हात टाकले. ही हसली! मग विचारलं, आता आपण दात कशाने घासायचे. कुठल्याही मोठ्या कामात कुणीतरी असा प्रश्न विचारतोच.

१९ ऑगस्ट, संध्याकाळी ५.३०
सेलची आवक नोंद. आपल्याकडे पद्धत अशी की प्रत्येक नगावर नंबर पाहिजे. पण प्रत्येक सेलच्या पाठीवर एक नारिंगी स्टिकर, गुळगुळीत, त्यावर पेन उठत नाही. म्हणून स्टिकर काढून टाकले. फेकले मात्र नाहीत. रजिस्टरमध्ये ओळीत चिकटवले, एक सेल एक स्टिकर. सेलवर बारीक ब्रशने नंबर घातले. इतकं देखणं पान सव्वीस वर्षांत झालं नव्हतं.
काम चालू असताना सासरे शेजारी येऊन काहीतरी सांगायला लागले, हातात कार्ड धरून. मी म्हटलं, स्टोअर बंद आहे, जे असेल ते सकाळी सातला, स्लिपवर.
तीन कार्डं झाल्यावर ब्रश धुवायला उठलो. परत येऊन बघतो तर सेल अठरा. चोवीसमधले सहा गायब. एक अख्खं कार्ड!

१९ ऑगस्ट, ७.१५
चौकशी. ही म्हणाली, मी सेल खाते का? मुलगी म्हणाली, ती क्लासला होती. सासऱ्यांना चारदा विचारलं, चौथ्यांदा ओरडून. ते हसले आणि म्हणाले, हो, आज हवा छान आहे.
रजिस्टरमध्ये लिहिलं: सहा नग, तूट, तपास चालू.

२० ऑगस्ट, सकाळी ७.०५
सासऱ्यांनी खरंच स्लिप भरून दिली. वस्तूच्या रकान्यात लिहिलंय, ‘स्टिकर काढू नका’. नग कोरा. कारणाच्या रकान्यात, ‘कार्डाच्या मागे वाचा’.
ही काय वस्तू झाली? अपूर्ण स्लिप, परत केली. वय झालं की माणसाला फॉर्म जमत नाहीत. वाईट वाटलं.

२३ ऑगस्ट
उरलेली अर्धी ट्यूब चार माणसांत. प्रत्येकाला मुगाच्या दाण्याएवढी, मी स्वतः ब्रशवर घालून देतो. सकाळी तिघे माझ्यासमोर रांगेत उभे. शिस्त आली घराला.

२६ ऑगस्ट, सकाळी
ड्रॉवरमधला सेल संपला. सेल नंबर १ चा इश्यू केला. सही घेतली. छोटासा समारंभच झाला, टाळ्या मीच वाजवल्या.

२८ ऑगस्ट
नंबर १ संपला. दोन दिवसांत? सासऱ्यांना विचारलं, मशीन उशाशी चालू ठेवता का. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. नंबर २ दिला.

२९ ऑगस्ट
नंबर २ संपला. नंबर ३ दिला. तो जेवण होईपर्यंत टिकला.

१ सप्टेंबर, सुट्टी
नंबर ४ ते ९. एकही तास धरत नाही. सेल बनवणाऱ्या कंपनीने निकृष्ट माल दिलेला दिसतोय. कडक पत्र लिहायला घेतलं. पत्ता हवा म्हणून कार्ड हिच्याकडे वाचायला दिलं, माझा डोळा अजून चुरचुरतो.
हिने पत्ता वाचला नाही. वरची ओळ वाचली. मोठ्याने. स्टिकर काढताच सेलमध्ये हवा शिरते आणि सेल चालू होतो. वापर असो वा नसो, काही दिवसांत संपतो. म्हणून वापरायच्या वेळीच स्टिकर काढावा.
मुलीने माझं रजिस्टर उघडून स्टिकर मोजले, अठरा. सासऱ्यांना तर काही ऐकूच आलं नाही.

१ सप्टेंबर, संध्याकाळी
उरलेले नऊही तपासले. मेलेले.
अक्षरं इतकी बारीक छापतात, ही ग्राहकाची फसवणूक आहे.

३ सप्टेंबर
चष्मेवाल्याकडे गेलो. सेल नाहीत. मला बघून दात दाखवून हसला. पांढरेशुभ्र.

५ सप्टेंबर
सगळं शहर पालथं घातलं. कंपनीतून रजा घेतली, साहेब म्हणाले, अवश्य घ्या, हवी तर जास्त घ्या. कुठेही सेल नाही.
सासरे मजेत आहेत. कानात मशीन नाही, कटकट नाही. मी त्यांच्यासमोर बसून माझी चूक कशी नव्हती ते तासभर सांगितलं, ते मान डोलावत राहिले. मोठ्या मनाचा माणूस.

७ सप्टेंबर, दुपारी
मुलगी म्हणाली, ती उद्या वाजवणार नाही. आजोबांना नुसते हात हलताना दिसणार असतील तर काय उपयोग. दार लावून घेतलं. ही माझ्याशी बोलत नाही. म्हणजे बोलते, पण स्लिपवर.
लाज वाटली मला. खरंच वाटली. इथे लिहायला हरकत नाही, कुणी वाचणार नाही.
मग सुचलं! रजिस्टरमधले अठरा स्टिकर वाफेवर धरून सोडवले आणि डिंकाने सेलवर परत चिकटवले. नंबराप्रमाणे, एकही अदलाबदल नाही. तीन तास लागले.

७ सप्टेंबर, ६.००
उपयोग नाही. डिंक मात्र चांगला आहे, आता निघत नाहीत.
सासऱ्यांनी नातीचं दार वाजवलं. आत जाऊन तिला काहीतरी सांगितलं. थोड्या वेळाने व्हायोलिन ऐकू आलं. तीन वेळा सगळं वाजवलं तिने. काय सांगितलं विचारलं तर नुसती हसते. म्हातारा माणूस, धीर देत असणार. ऐकू तर येत नाही, धीर तरी द्यावा.

८ सप्टेंबर, सुट्टी, संध्याकाळी ७.४०
कार्यक्रम झाला. क्रमाने लिहितो.
हॉलमध्ये पहिली रांग. मुलीचं नाव पुकारलं. सासऱ्यांनी खिशातून काय काढावं? कार्ड! माझं! सहा सेलचं, सीलबंद, सहाच्या सहा स्टिकर जागेवर. एक काढला, मशीनमध्ये घातला, मशीन कानात. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणजे तीन आठवडे चोरीचा माल त्यांच्या खिशात, आणि आठवडाभर बहिऱ्यासारखे बसून राहिले, या अकरा मिनिटांसाठी!
उठून जाब विचारणार होतो. पण तिने वाजवायला सुरुवात केली. काय वाजवलं पोरीने! मला त्यातलं कळत नाही. सासऱ्यांची बोटं गुडघ्यावर तिच्याबरोबर चालली होती. डोळे वाहत होते, पुसायचं भान नव्हतं. ही माझा हात धरून बसली होती. रागावलेली होती हे विसरली असावी.
नंतर मुलगी धावत आली ती थेट त्यांच्याकडे. ते म्हणाले, मधे जरा घाई केलीस. तिला इतका आनंद झाला की ती रडायला लागली. ऐकलं होतं ना त्यांनी, सगळं.
तुटीची नोंद मी जागच्या जागी माफ केली. मनातल्या मनात.
गाडीत बसल्यावर वातावरण चांगलं होतं. म्हणून म्हटलं, या निमित्ताने सगळ्यांना एकदा नीट सांगावं की पुरवठ्याची साखळी कुठे तुटते आणि माझ्या नियोजनामुळेच सेल शेवटी वेळेवर कसे उपलब्ध झाले. पहिलंच वाक्य पूर्ण होत होतं. सासऱ्यांनी कानाशी हात नेला, मशीन काढलं, खिशात ठेवलं आणि शांत बसून मान डोलवायला लागले.
हिने विचारलं, बाबा, मशीन का काढलं? मग तेच खुणेने विचारलं, तेव्हा त्यांना समजलं. म्हणाले, टंचाई आहे. जपून वापरायला हवं.
मुलगी घर येईपर्यंत हसत होती. हीसुद्धा.

८ सप्टेंबर, ८.१५
आता आठवतंय. ७ ऑगस्टला टूथपेस्टच्या वेळीही कानाशी हात गेला होता. मग खिशात. त्याआधी चार वर्षंही. कार्यक्रमात मात्र अकरा मिनिटं हात गुडघ्यावरच होता.
तेव्हा तर टंचाई नव्हती.
हिने बल्ब मागितला. तोंडी. किल्लीच देऊन टाकली.