सोड म्हणजे मार

सर,

हे पत्र मी कधीपासून पुढं ढकलतोय. तुम्ही गेलात तेव्हा मी गोव्यात एका शॅकवर ताटं उचलत होतो. बातमी पोचली तोवर तेरावंही होऊन गेलं होतं. त्याच आठवड्यात लिहायला बसलो होतो, खोटं नाही सांगत, पण गेलेल्या माणसाला मायन्यात काय लिहितात यावरच अडलो आणि शेवटी त्या कागदाची पुडी करून शेंगदाणे खाल्ले. मग न्हावा शेवाला कंटेनर यार्डात सीलं तपासायचं काम, मग ट्रेलरवर क्लीनर, मग बरेच दिवस काहीच नाही. आता कामोठ्यात एका टर्फवर आहे. तुमच्या वेळी हे नव्हतं. जाळीचा मोठा पिंजरा, आत प्लास्टिकचं गवत, पोरं तासाचं भाडं भरून फुटबॉल खेळतात. कितीही आपटली तरी गुडघ्याला माती लागत नाही. तुम्ही बघितलं असतंत तर म्हणाला असतात, "ही काय सतरंजी हाय काय?" कपडे बदलायच्या खोलीची भिंत बांधायचीय, विटांचा ट्रॅक्टर सकाळपासून येतोय येतोय चाललंय. तो येईपर्यंत मला हलायचं नाही असं मालकानं बजावलंय. कधी नव्हे तो एका जागी बसलोय, म्हणून लिहितोय.

वर्गात तुम्ही पुस्तकातलं 'आम्ही, तुम्ही' बोलायचात आणि ग्राउंडवर पाय ठेवला की 'आमी, तुमी'. उरणच्या कोळीवाड्यातून निघालेला माणूस पीटीचा मास्तर झाला तरी होडीतूनच बोलत होता. आम्हाला नावानं तुम्ही कधी हाक मारलीच नाही. जो जिथं खेळायचा ते त्याचं नाव. मी लेफ्टी. गोलात उभा राहायचा तो गोली. आणि आपल्या गोलासमोर भिंतीसारखा उभा राहायचा तो स्टॉपर. शाळेच्या जिन्यातसुद्धा आम्ही एकमेकांना तेच म्हणायचो. माझ्या आईलासुद्धा कित्येक दिवस वाटत होतं की स्टॉपर हे आडनाव आहे.

तुमचा एकच शब्द होता, 'सोड'. बॉल पायात घोळवत बसलं की लाइनीवरून आरोळी यायची. "जालं हातात धरून बसला तर मावरा गावंल काय रं? सोड!" होडीवर सोड म्हटलं की मासळीसाठी जाळं पाण्यात जातं, तसा ग्राउंडवर सोड म्हटलं की बॉल पुढं जायचा. विचार नाही, वळून बघणं नाही. सोड म्हणजे मार. हे अंगात एवढं भिनलं होतं की वर्गात बाई कुणाला "खडू सोड" म्हणाल्या तरी आमचे पाय हलायचे.

स्टॉपरच्या तर हाडात गेलं होतं ते. डोंगराखालच्या वाडीतला, आईबाप वीटभट्टीवर. तुम्ही कुणाकडून तरी मागून आणलेले बूट त्यानं एक दिवस घातले आणि परत केले. "बुटात जमीन कळत नाय, सर." डाव्या पायावर भार टाकून उभा राहायचा, उजव्या अंगठ्यानं माती उकरत, जणू त्याला खेळाशी काही देणंघेणं नाही. आणि बॉल आला की तोच पाय. मॅचच्या दिवशी तो काही न खाता येतो हे तुम्हाला कसं कळलं माहीत नाही, पण तुमच्या डब्यात त्याच्यासाठी तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी वेगळी असायची. आम्ही जळायचो. मी एकदा म्हटलंसुद्धा, "सर, आम्हाला काय नाय?" तर म्हणालात, "तू गोल मार बाला, तुला आख्खा पापलेट." मी मारले गोल. पापलेट राहिलाच.

त्या वर्षी आपल्याला कुणी हरवलं नव्हतं. तालुका झाला, जिल्हा झाला. बूट-मोजेवाल्या शाळा आमच्याकडे बघून हसायच्या आणि जाताना हसायच्या नाहीत. गोली त्याच वर्षी गावातल्या दुसऱ्या शाळेतून आला होता. पनवेलचाच, मोहल्ल्यातला, उंच, बडबड्या. बॉल आपला असला की तो बॅकना ओरडायचा, "छोड!" म्हणजे बाजूला हो, मी घेतो. तुम्ही त्याला चिडवायचात, "पनवेलचं पानी पितोस ना? मराठीत वरड की." तो म्हणायचा, "आती है ना सर मराठी, पण ग्राउंडपे निकलतीच नाही." सगळे हसायचे. त्या हसण्यात काही दडलंय असं कुणाला वाटेल? छोड म्हणजे थांब आणि सोड म्हणजे मार, हे दोन शब्द आमच्या डोक्यात शेजारी शेजारी राहत होते आणि त्यांचं कधी भांडण झालं नव्हतं.

सेमीफायनल. विभागाची. आणखी दोन जिंकलो की राज्याला. एक-एक झालेलं, मॅच संपत आलेली. त्यांचा एक लांब बॉल आपल्या गोलाकडं आला आणि स्टॉपर मागं धावला. गोली पुढं आला होता, बॉल सरळ त्याच्या हातात जायचा होता. मी पलीकडच्या टोकाला, कमरेवर हात ठेवून उभा, निवांत. आणि आवाज आला, "सोड!"

मला वाटलं तुम्हीच. सगळ्यांनाच वाटलं. स्टॉपरनं मारला. जीव खाऊन मारला. बॉल समोरून आलेल्या गोलीच्या खांद्यावर आपटून उडाला आणि त्याच्याच डोक्यावरून आपल्या गोलात पडला. पडला म्हणजे, अगदी हळू. माझ्या डोळ्यांसमोर तो अजून तसाच हळू पडतो.

परतीच्या टेंपोत तुम्ही पुढं ड्रायव्हरशेजारी. मागं आमच्याबरोबर आलेला एक पालक म्हणाला, "भट्टीवरच्या पोराला मध्ये उभं केल्यावर दुसरं काय व्हायचं!" स्टॉपर समोरच बसला होता. त्यानं जर्सी काढली, नीट घडी केली, बाकावर ठेवली. आत त्याचा शाळेचा शर्ट होता. फाट्यावर उतरताना मी म्हटलं, "उद्या ये रे." तो म्हणाला, "मी ऐकला ना. सोड ऐकला मी." आणि गेला.

दुसऱ्या दिवशी गोली तुमच्यासमोर रडला. मी दारातच होतो. "सर, मैंने बोला सोड. तुम्ही म्हणत होते ना मराठीत बोल. सेमीफायनल है, सर खूश होतील, म्हणून बोललो." त्याचं छोड त्यानं तुमच्यासाठी मराठी केलं होतं. तुम्ही भिंतीला टेकलात. त्याच्या डोक्यावर हात ठेवलात आणि बराच वेळ तसाच ठेवलात. त्यानंतर ग्राउंडवर तुमचा आवाज मी ऐकला नाही. शिट्टी तेवढी वाजायची.

स्टॉपर शाळेत येईना म्हणून तुमच्या स्कूटरवर मागं बसून मी वाडीवर आलो होतो, आठवतं? दारांना काट्या लावलेल्या, दिवाळी झाली की सगळी भट्ट्यांवर जातात. मग भट्ट्या. एका मुकादमाला तुम्ही हजेरीपटावरचं नाव सांगितलंत. तो म्हणाला, "असल्या नावाचा कुणी नाय इथं. शाळेतली नावं मास्तर लोक ठेवतात. घरी काय म्हणतात त्याला?" तुम्हाला माहीत नव्हतं. मलाही नाही. तुम्ही म्हणालात, "डाव्या पायावर उभा रातो तो." मुकादम हसला. परत येताना वाटेत तुम्ही स्कूटर थांबवलीत आणि खाडीकडं तोंड करून उभे राहिलात. मी चिंचा पाडत होतो. तेव्हा मला चिंचाच दिसत होत्या, काय करू.

शेवटचं भेटलो ते तुमच्या घरी, ओट्यावर. बोलताना धाप लागत होती तुम्हाला. वहिनींनी चहा दिला, तुमचा तुम्ही घेतला नाहीत. म्हणालात, "तुझ्या पायाला भिंगरी हाय, लेफ्टी. कवातरी कुठं गाठ पडंल त्याची. त्याला सांग, तू बराबर ऐकलंस. सोड म्हंजे मार, मीच शिकवलं होतं. चूक त्याची नाय." मी हो म्हटलं. मग तुम्ही म्हणालात, "आनि जेवलास काय, ते पन विचार." यार्डात, धाब्यावर, टोलनाक्यावर, कुणी डाव्या पायावर उभं दिसलं की मी वळून बघत आलोय, सर. लोक डाव्या पायावर फार उभे राहतात.

थांबा. ट्रॅक्टर आला वाटतं.

आला. मी खिडकीतूनच हात केला की विटा जाळीपाशी उतरव. तिघं आहेत. दोघं विटा झेलतायत आणि ड्रायव्हर खाली उतरून जाळीला बोटं अडकवून आत बघतोय. आत पोरं खेळतायत. चांगला दांडगा झालाय, कानाजवळ केस पांढरे, या वयात. पाठमोरा आहे. चपला काढून बाजूला ठेवल्यायत. भार डाव्या पायावर. उजवा अंगठा मातीत.

सर, तोच आहे. तुमचा निरोप मला पाठ आहे, इतकी वर्षं घोकलाय. पण हाक काय मारू? शाळेतलं नाव मी विसरलोय आणि घरचं आपल्याला कधी माहीतच नव्हतं. स्टॉपर म्हणावं, तर ते नाव त्यानं त्या दिवशी जर्सीबरोबरच घडी करून बाकावर ठेवलं. विटा संपत आल्या, जातो त्याच्याकडं. हे इथंच सोडतो.