मंगळवारी मी येऊन गेलो

प्रिय चिमणे,

फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून हे पत्र. तुझी आई म्हणते, "तुम्ही लेकीला फोन करता की तिची हजेरी घेता?" अभ्यास किती झाला, पेपर कधी, मार्क किती, एवढंच मी विचारतो. तू म्हणतेस, "ठीक चाललंय, बाबा." तेवढ्यावर मी खूश.

इथे कामाचा ढीग आहे. परवा एका निवृत्त मास्तरांची कवळी पूर्ण केली. मी बनवलेल्या पहिल्या कवळीची गोष्ट मात्र तुला ठाऊक नाही. ती भर सभेत, भाषण चालू असताना, गिऱ्हाइकाच्या तोंडातून बाहेर आली! मला वाटलं, संपलं सगळं. मी तेव्हा आमच्या वस्तादांच्या हाताखाली काम शिकत होतो. त्यांनी नव्या कवळीसाठी ताजं मेण गरम केलं, स्टूल ओढलं आणि ते माझ्या शेजारी बसून आपलं काम करत राहिले. दुपारपर्यंत मीही नव्या कवळीला हात घातला. लाजेपायी हे मी घरात कधी सांगितलं नाही.

आता खरं सांगतो. मंगळवारी तुझ्या कॉलेजजवळच्या दवाखान्यात माल पोचवायला आलो होतो. म्हटलं, न सांगता जाऊन तुला चकित करू. तू खोलीवर नव्हतीस. मला सगळं माहीत आहे असं तुझ्या मैत्रिणीला वाटलं. ती म्हणाली, "काका, दोन विषय राहिले म्हणून काय झालं? पण तुम्हाला सांगायच्या धास्तीनं तिला झोप नाही हो." मी पाणी प्यायलो आणि निघालो. वाचनालयाच्या काचेतून तू दिसलीस, पुस्तकात डोकं खुपसलेली. दारापर्यंत गेलो. पण तुझी ती धास्ती माझ्यामुळेच होती ना! मला असं अचानक समोर बघून तुझं काय झालं असतं? तसाच मागे फिरलो.

न विचारता आलो, चुकलो. पुन्हा नाही येणार. मैत्रिणीवर मात्र रागावू नकोस.

हे लिहितोय ते एवढ्यासाठी, की शनिवारी घरी येताना वाटेत शब्द जुळवत बसू नकोस. मला माहीत आहे, आईलाही. आम्ही विषय काढणार नाही. तू काढलास तर ऐकू. फेरपरीक्षेला मी सोबत यावं असं वाटलं तर सांग, रजा टाकतो. नको असेन तर तेही बिनधास्त सांग, मी रुसणार नाही. रुसलोच तर तक्रार तुझ्या आईकडे करीन, तुझ्याकडे नाही.

तुझाच,
बाबा