खरं बोलण्याचा आठवडा

तीर्थस्वरूप दाजींना साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे तूर्त कागदावरच).

आपली साखर आणि ताईचा संताप दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. इकडे देवाच्या कृपेनं सगळे धडधाकट आहेत. फक्त आपली भाची माझ्याशी बोलत नाही. आज अकरावा दिवस.

याचं मूळ आमच्या कॉलेजात आहे. मी तत्त्वज्ञान विभागाचा शिपाई, हे आपण जाणताच. वीस वर्षं काम सुखाचं होतं. प्राध्यापक खुर्चीत बसून विचार करायचे, मी चहा नेऊन द्यायचो, आणि दोघांचाही कुणाला त्रास नव्हता. दीड वर्षापूर्वी नव्या मॅडम आल्या. त्यांचं म्हणणं असं की खुर्चीत बसून 'सगळ्यांना असं वाटतं' म्हणायचं नाही. सगळ्यांना जाऊन विचारायचं, प्रयोग करायचे, मग बोलायचं. आता सगळे म्हणजे फाटकापासून पुढे जे कोणी भेटतील ते, आणि विचारायला जाणार मी. पहिला प्रश्न असा होता: शेजाऱ्याचं वाईट व्हावं म्हणून एकानं त्याला भलतंच औषध दिलं, पण त्यानं शेजारी ठणठणीत बरा झाला, तर देणारा माणूस चांगला की वाईट? वॉचमननं बराच वेळ डोकं खाजवलं आणि मला विचारलं, "शेजारी भाडेकरू आहे का?" मॅडमनी तेही लिहून घेतलं. (शिकलेल्या माणसांचा संयम बघून मला कधीकधी भीती वाटते.) झेरॉक्सवाला आता मला लांबून पाहिलं तरी शटर ओढतो.

एवढंही चाललं असतं. पण मग त्यांनी नवीन काढलं. खोटं म्हणजे नक्की काय, शब्द खोटे असणं की बोलणाऱ्याचं मन खोटं असणं, हे शोधायचं. त्यासाठी दहा माणसांनी सात दिवस फक्त खरं बोलायचं आणि रोज वहीत लिहायचं. माणसं नऊच मिळाली. "तुम्ही देवाधर्माचे, तुम्हाला काय अवघड!" असं म्हणून दहावी वही माझ्या हातात आली. मलाही ते सोपं वाटलं होतं. गावच्या शाळेच्या भिंतीवरचं 'नेहमी खरे बोलावे' गुरुजींनी माझ्याकडूनच रंगवून घेतलं होतं.

सोमवारी हिनं विचारलं, भाजी कशी झालीय. मी सांगितलं. मंगळवारी भाजी झाली नाही. बुधवारी प्राचार्यांनी आपलं भाषण कसं झालं ते विचारलं, आणि तेव्हापासून माझी ड्यूटी गच्चीवरच्या स्टोअरमध्ये आहे, जिथं पंखा आहे पण वीज नाही. गुरुवारी सकाळी देवापुढे बसलो, तर तोंडानं नाम चाललेलं आणि मनात मंगळवारची न झालेली भाजी. हे वहीत कुठल्या रकान्यात लिहायचं, ते मॅडमनाही सांगता येईना.

मग मुलाकडची माणसं आली. मुलगा लेकीनंच निवडलेला, दोन वर्षांची ओळख. मुलगा खरोखर चांगला आहे, नोकरी तेवढी लांब (जायला विमान लागतं). होकार जवळजवळ झालाच होता. त्याच्या वडिलांनी, काहीतरी बोलायला हवं म्हणून, विचारलं, "मग, स्वभावानं शांत असेल लेक?" दाजी, या प्रश्नाला जगभर एकच उत्तर असतं. मी म्हणालो, "छे. रागावली की चार दिवस बोलत नाही. साहेबांना तोंडावर बोलून तीन नोकऱ्या सोडल्यात. उशी फेकून मारते, आणि नेम चांगला आहे." मुलाची आई हातातला कप ठेवायला जागा शोधू लागली. विचार करून कळवतो म्हणाले आणि गेले. अजून कळवलेलं नाही. लेक दारातच उभी होती. रडली नाही. "बाबा, तुमच्या प्रयोगाला मीच सापडले?" एवढं म्हणाली आणि तिनं बोलणं टाकलं. (चार दिवस म्हणालो होतो, ते चूक ठरलं.)

दमलो आहे, दाजी. घरात फक्त भांडी बोलतात. ताईला नमस्कार सांगावा.

आपला मेव्हणा

ता. क. – आपण मुलाच्या वडिलांना एकदा भेटाल का? तीस वर्षं आपण लोकांना विमा विकलात. आपलं बोलणं माणसाला पटतं. सांगावं की बापाचं डोकं ठिकाणावर नाही, पोरगी मात्र लाखात एक आहे. दुसरं खरं आहे, पहिल्याचं आपण बघा. पण लवकर जावं. ती हल्ली अर्धीच पोळी खाऊन उठते.

आणखी एक – हे ताईला किंवा हिला कळू देऊ नये. मॅडमनाही मी सांगितलेलं नाही, त्या लिहून घेतील. माझे सात दिवस रविवारी संपले होते, वही मी सोमवारी परत केली होती. पाहुणे आले ते मंगळवारी. मी बोललो त्यातला शब्द न् शब्द खरा होता. फक्त तिनं इतक्या लांब जाऊ नये, असं मला त्या वेळी फार वाटत होतं.